'रिझर्व्ह लागली का?' सोलापुरात नव्यानं गाडी चालवणाऱ्यांसाठी बोलीचा वाटाड्या

चौदा वर्षांपूर्वी नाशिकहून बदली होऊन सोलापुरात आले. पहिल्याच आठवड्यात विजापूर रोडवर स्कूटरचं मागचं चाक बसलं. ढकलत ढकलत पंक्चरच्या टपरीपर्यंत नेली. तिथल्या पोरानं चाक फिरवून बघितलं आणि आत तोंड करून ओरडला, "का बे, टब कुठं ठेवलायस बे? आण की बे लौकर!" आतून तेवढ्याच वरच्या पट्टीत उत्तर आलं, "थांब की बे! जेवलालोय न्हवं का!" मला वाटलं, आता पाना उडणार. दोन मिनिटांनी टब आला, मागोमाग चहा आला, आणि पोरगा माझ्याकडं वळून अगदी मऊ आवाजात म्हणाला, "मॅडम, खिळा न्हाई, सराटा हाय. पॅच मारतो. बसा की तोवर."

भांडण नव्हतंच. ती दोघांची रोजची बोलायची रीत. पण नव्या माणसाला हे कळायला महिनाभर लागतो, आणि तोवर तो उगाच घाबरतो किंवा उगाच चिडतो. तुमचा महिना वाचावा म्हणून हे लिहिलंय. बदलीवर आलेले, कॉलेजसाठी आलेले, लग्न होऊन आलेल्या, कुणीही वाचा. रस्त्यावरचे शब्द जास्त आहेत, कारण सोलापूरची भाषा मी घरात बसून नाही, गाडीवर बसून शिकले. आठवडाभर स्कूटर, रविवारी सायकल.

पायरी पहिली: पंधरा दिवस नुसतं ऐका

पहिला शब्द 'बे'. विदर्भातल्या माणसाला तो ओळखीचा वाटेल, पुण्या-नाशिकच्या माणसाला तो कानफटात बसल्यासारखा लागतो. इथं मात्र तो विरामचिन्हाच्या जागी येतो. वाक्य सुरू करताना, संपवताना, मध्ये श्वास घेताना. बरोबरीचा मित्र, लहान भाऊ, शेजारचा पोरगा यांना चालतो. कॉलेजातल्या मुलीही एकमेकींना सर्रास म्हणतात. वयानं मोठ्याला, अनोळखी बाईला, एसटीच्या कंडक्टरला नाही. हे मी पुस्तकातून नाही शिकले. तिसऱ्या महिन्यात, आता आपण सोलापूरच्या झालो अशा थाटात, साठीच्या एका मेकॅनिकला मी "काय बे, झाली का गाडी?" असं विचारलं. त्यांनी हातातलं काम खाली ठेवलं, फडक्याला हात पुसले आणि काहीच बोलले नाहीत. गाडी त्या दिवशी झाली नाही.

दुसरा 'की'. याचा अर्थ लावत बसू नका. "बस की", "ये की", "सांग की" यात हुकूम नसतो, आग्रह असतो. त्याची मोठ्यांसाठीची रूपं "बसा की", "या की", "जावा की". "जावा" ऐकून कुणी तुम्हाला हाकलतंय असं वाटून घेऊ नका, ते "जा"चं आदरार्थी रूप आहे. रस्ता सांगताना "सरळ जावा" असंच म्हणतात.

तिसरी गोष्ट क्रियापदांची. 'करतोयस'च्या जागी 'करलालास', 'येतोय'च्या जागी 'येलालोय', 'जेवतोय'च्या जागी 'जेवलालोय'. भूतकाळ असाच आखडून घेतलेला: गेल्तो, आल्तो, केल्तं. बोलायला जाऊ नका, बाहेरच्याच्या तोंडून ते नाटकातल्यासारखं वाटतं. कळलं म्हणजे पुष्कळ झालं. फोनवर समोरचा "येलालोय की बे" म्हणाला, तर तो अजून घरात आहे, एवढं मात्र पक्कं ध्यानात ठेवा.

हाक मारायचं काय? इथं सोय आहे. गिरण्या आणि हातमागांमुळे तेलुगू घरं इथं पिढ्यान्‌पिढ्या आहेत, विशेषतः पूर्व भागात. कर्नाटकाची हद्द जवळ, म्हणून कानडी घराघरात. बाजारात दख्खनी उर्दू. या सगळ्यांत सामाईक शब्द दोन: अण्णा आणि अक्का. मराठीत चालतात, कानडीत चालतात, तेलुगूत चालतात. त्यामुळे टपरीवाला कोण, भाजीवाली कोण, हा अंदाज बांधत बसायला नको. वयानं मोठा पुरुष "अण्णा", बाई "अक्का". गिऱ्हाइकाला दुकानदार "मालक" म्हणतो, गिऱ्हाईक दुकानदारालाही "मालक" म्हणतं. दोघांपैकी खरा मालक कोण हा प्रश्न इथं कुणाला पडत नाही. मला मात्र चौदा वर्षांत कुणी 'मालकीण' म्हटलं नाही, तेवढी एक तक्रार आहे.

एक जादा किल्ली देऊन ठेवते. कानडी घरात "ऊटा आयता?" आणि तेलुगू घरात "तिन्नावा?" दोन्हींचा अर्थ 'जेवण झालं का?' 'तिन्नावा' एकेरी आहे, म्हणून मोठ्यांना नको, पोराटोरांना म्हणा. उच्चार चुकला तर हसतील, पण काम आधी तुमचं करतील.

पायरी दुसरी: पत्ता कळला पाहिजे

फोनमधला नकाशा रस्ता सांगतो, पण लोक नकाशातली नावं वापरत नाहीत. विजापूर वेस, बाळीवेस म्हटलं की वेस शोधत फिरू नका, त्या नावानं आता चौक आणि वस्ती ओळखायची. 'पूना नाका' अजून पूनाच आहे. 'सात रस्ता' म्हटल्यावर रस्ते मोजत उभं राहू नका, मागचे हॉर्न वाजवतील. 'आसरा' म्हणजे होटगी रोडवरचा चौक. 'जुळे सोलापूर' ऐकून दोन सोलापूर आहेत का असं मी विचारलं होतं, तो विनोद ऑफिसात अजून चालतो. वसाहत आहे ती, मोठी.

'चार पुतळा' हे मात्र नुसतं खुणेचं नाव नाही. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा आणि जगन्नाथ शिंदे या चौघांना इंग्रजांनी १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिलं. रिक्षावाला "चार पुतळ्यापाशी सोडतो" म्हणतो ते हेच चौघे. नावं माहीत असू द्या, गावात राहायचंय तर.

अंतराचा हिशेब वेगळा लावावा लागतो. "हे काय, इथंच की" म्हणजे दोन-तीन किलोमीटर. "जरा फुडं हाय" म्हणजे पाच. "लांब हाय ओ" असं कुणी म्हणालं तर पेट्रोल बघा.

गाड्या ओळखायच्या त्या पासिंगवरून. एमएच १३ म्हणजे 'तेरा', आपलं गाव. 'पंचेचाळीस' म्हणजे अकलूज, जिल्ह्यातच. 'पंचवीस' धाराशिव, 'चोवीस' लातूर, 'बारा' पुणं, आणि केए २८ म्हणजे विजापूर. माझी स्कूटर नाशिकची, एमएच १५. पार्किंगवाला मला पहिली दोन वर्षं "पंधरावाल्या मॅडम" म्हणायचा. नाव त्यानं कधी विचारलं नाही, गरजही नव्हती. तुमचाही आकडा बाहेरचा असेल तर तेच तुमचं नाव, राग मानू नका.

आणखी दोन-तीन वाहनं: 'वडाप' म्हणजे माणसं भरून गावोगाव जाणारी जीप किंवा तसलंच काही, 'छोटा हत्ती' म्हणजे छोटा मालवाहू टेम्पो, 'टायरगाडी' म्हणजे रबरी चाकांची बैलगाडी. आणि नुसतं 'गाडी' म्हटलं तर दुचाकी. चारचाकी असेल तर तसं वेगळं सांगतात.

पायरी तिसरी: हे शब्द चुकले तर हाड मोडतं

इथं गंमत बाजूला ठेवू.

'डिपर मारणे' म्हणजे समोरच्यानं लाइट दोन-तीनदा उघडझाप करणे. परदेशात राहून आलेल्यांना वाटतं, समोरचा म्हणतोय 'तू जा'. आपल्याकडं त्याचा अर्थ 'मी येतोय, तू थांब' असा असतो. अरुंद पुलावर, वळणावर, राँग साइडनं घुसणाऱ्याकडून, सगळीकडं तोच. डिपर दिसला की वेग कमी करा, बाकी विचार नंतर.

'साइड देणे' हे त्याहून अवघड. पुढचा ट्रक उजवा इंडिकेटर दाखवतो. त्याला वळायचंय, की तो तुम्हाला 'जा पुढं' म्हणतोय? जुने ड्रायव्हर दुपदरी रस्त्यावर उजवा इंडिकेटर देऊन मागच्याला वाट देतात, आणि वळतानाही तोच देतात. बार्शीकडच्या किंवा कुठल्याही आडवाटेच्या रस्त्यावर हे हमखास भेटतं. माझा नियम: ट्रक डावीकडं सरकला आणि क्लीनरनं हात बाहेर काढून 'जा' केलं, तरच पुढं जायचं. नुसत्या इंडिकेटरवर नाही. आणि क्लीनरनं हात केला तरी समोरचा रस्ता स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा, कारण त्याला तुमच्या गाडीचा दम माहीत नसतो.

'कट मारणे' म्हणजे अगदी घासून पुढं निघणे. "कट मारला" हे पोरं फुशारकीनं सांगतात, मार खाल्लेला तक्रारीनं. 'पिळणे' म्हणजे एस्किलेटर पूर्ण फिरवणे: "पिळली की बे गाडी बाळ्यापासनं." (बाळे हे पुणे रस्त्यावरचं ठिकाण, पोराचं नाव नाही.) 'रेस करणे' याचा शर्यतीशी संबंध नाही. मेकॅनिक "रेस करा" म्हणाला तर गाडी उभी ठेवून एस्किलेटर द्यायचा, पळवायची नाही. (आमच्या ऑफिसातल्या एकानं पळवली होती. चौकापर्यंत जाऊन परत आला.) 'टोचन' म्हणजे बंद पडलेली गाडी दोरीनं ओढत नेणे. दुचाकीवाले दोरीऐवजी मागून पाय लावतात. मदत म्हणून करतात, मनानं चांगली माणसं असतात, पण मला हा प्रकार अजिबात पटत नाही. तोल जातो. "नको अण्णा, ढकलत नेते" म्हणायला लाजू नका.

ऊसतोडीच्या हंगामात, साधारण दिवाळीनंतर, 'डबल ट्रॉली' हा शब्द कानावर पडला की कान टवकारा. ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, मागं दिवा नाही, अंधारात उसाचे शेंडे तेवढे बाहेर आलेले. सायकलवाल्यांच्या रांगेत "ट्रॉली!" अशी आरोळी आली तर वळून बघत बसायचं नाही, डावीकडं दबायचं.

'मामा' म्हणजे वाहतूक पोलीस. "फुडं मामा हाय" असा निरोप समोरून येणारे हातवारे करूनही देतात. हा शब्द फक्त पाठीमागं वापरायचा, समोर 'साहेब'. आणि डोक्यावर हेल्मेट असेल तर निरोपाची गरजच नाही.

पायरी चौथी: गाडी सोडून माणसाला लागलेले शब्द

माझा सगळ्यात आवडता भाग. इथं थोडी रेंगाळणार आहे.

जुन्या मोटरसायकलच्या टाकीला तीन घरांचा नळ असायचा: चालू, बंद आणि रिझर्व्ह. पेट्रोल संपत आलं की गाडी गचके द्यायची, चालवता चालवता डावा हात खाली घालून नळ फिरवायचा, मग उरलेल्या लिटर-दीड लिटरवर पंप गाठायचा. आताच्या गाड्यांना तो नळ नाही, काटा असतो किंवा आकडे. शब्द मात्र राहिला. दुपारी तीनला जांभया देणाऱ्याला विचारतात, "रिझर्व्ह लागली का?" महिन्याच्या पंचवीस तारखेला खिशाबद्दल विचारतात. ज्या पोरांनी तो नळ कधी बघितला नाही, तेही विचारतात.

'हवा'चं तर वेगळं खातं उघडावं लागेल. "हवा भरली" म्हणजे कुणीतरी चढवून दिलं. "हवा टाईट" म्हणजे घाबरला. "हवा गेली" म्हणजे तोंडावर पडला. "हवा करतोय" म्हणजे उगाच रुबाब दाखवतोय. आणि पंपावर "हवा बघा" म्हटलं तर ती खरी हवा, टायरमधली. एवढे अर्थ असूनही गोंधळ कधी होत नाही, कारण कुठलं क्रियापद जोडलंय त्यावर सगळं ठरतं. नव्यानं शिकताना 'हवा' एकटी पाठ करू नका, जोडीनं करा.

'चावी देणे' म्हणजे भांडण लावून बाजूला होणे. "क्लचप्लेट गेली" हे दोन जिने चढून धापा टाकणाऱ्याला. 'फ्यूज उडाला' म्हणजे डोकं चालेनासं झालं. 'ब्रेक फेल' म्हणजे बोलायचा थांबत नाही. 'पासिंग संपलं' हे म्हाताऱ्या माणसानं स्वतःबद्दल म्हणायचं असतं, आपण त्याच्याबद्दल नाही. आमच्या सोसायटीतले एक निवृत्त आजोबा रोज सकाळी विचारलं की सांगतात, "पासिंग संपलंय, पण इन्शुरन्स हाय की अजून." 'बॅटरी' म्हणजे चष्मेवाला, शाळेतल्या पोरांचा शब्द. मी चष्मा लावते, मला तो पटत नाही, पण पोरं विचारून बोलत नाहीत.

कौतुकाचे शब्द महाराष्ट्रभर चालतात तेच इथंही: नाद खुळा, वाढीव, विषय हार्ड, एकच नंबर. 'टांगा पलटी, घोडे फरार' हे बेत पार फसला की म्हणतात, किंवा कुणी पिऊन आडवा झाला की. यातलं इथल्या चवीचं म्हणाल तर 'कडक'. नवी गाडी कडक, हेल्मेट कडक, मॅडमचं इंग्रजी कडक. भाकरीही कडकच. फक्त ती खरोखर कडक असते, पहिल्यांदा खाताना दात सांभाळा.

पायरी पाचवी: सायकलवाल्यांची भाषा

रविवारी पहाटे रस्त्यावर जे घट्ट कपड्यांतले लोक दिसतात, त्यांच्यात शिरायचं असेल तर तिसरीच भाषा लागते. तिचे शब्द बाहेरून आलेत, बोलायची रीत इथली.

'ड्राफ्ट' म्हणजे पुढच्याच्या मागच्या चाकाला चिकटून चालवणे. वारा तो खातो, तुमचे पाय वाचतात. पावसाळ्यात इथं वारा पश्चिमेकडून येतो, म्हणजे मोहोळकडं जाताना छातीवर आणि परतताना पाठीवर. त्या दिवसांत ड्राफ्टला फार भाव. पण सतत दुसऱ्याच्या मागं लपणाऱ्याला आमच्यात 'वडाप' म्हणतात: फुकट बसून आलेला. ("वडापचं तरी तिकीट असतं की बे," असं एकदा एकजण म्हणाला, तेव्हापासून तो रांगेत पुढं चालवतो.)

'बाँक' म्हणजे अंगातली साखर संपून पाय एकदम बंद पडणे. दमणं वेगळं, हे वेगळं. स्नायूंतला आणि यकृतातला साखरेचा साठा संपला की डोळ्यांपुढं धुकं येतं, चिडचिड होते, दहाचा वेगही जमत नाही. न खाता दोन तास जोरात चालवलंत तर हमखास गाठतं. उपाय भूक लागायच्या आधी खाणे, अर्ध्या-पाऊण तासानं थोडं थोडं. केळं, खजूर, शेंगदाण्याचा लाडू. शेंगाचटणी नाही, ती घरी. आमच्या टोळीत बाँक झालेल्याला अर्थातच विचारतात, "रिझर्व्ह लागली का बे?" आणि तो उत्तर देत नसेल तर गंमत थांबवून त्याला सावलीत बसवतात.

'शंभरी' म्हणजे एका दिवसात शंभर किलोमीटर. तुळजापूर पंचेचाळीसेक किलोमीटर, जाऊन-येऊन नव्वद, उरलेले दहा गावात फिरून पुरे करणारे लोक मी बघितलेत. तुळजापूरच्या अलीकडं घाट आहे, तिथं 'क्लाइंब' हा शब्द शिकाल. कोजागिरीच्या आसपास मात्र तो रस्ता पायी देवीला जाणाऱ्यांचा असतो, तेव्हा सायकल घरी ठेवा.

'बीआरएम'वाल्यांपासून जरा जपून. ही लांब पल्ल्याची वेळेत पुरी करायची सफर, नियम पॅरिसच्या एका क्लबचे. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला वीस, ४०० ला सत्तावीस, ६०० ला चाळीस. एकाच हंगामात चारही केले की माणूस 'एसआर', म्हणजे 'सुपर रॅन्डोनिअर' होतो, आणि झाल्यावर दुसरं काही बोलत नाही.

रांगेत ओरडायचे शब्द साधे आहेत: "खड्डा!", "खडी!", "ब्रेकर!", "मागून गाडी!", "सिंगल लाइन!" पुढच्यानं ओरडलं की तुम्हीही मागच्यासाठी ओरडायचं. पहिल्या दिवशी लाज वाटते. शेवटच्या माणसापर्यंत "खड्डा" पोहोचला नाही तर काय होतं, ते एकदा बघितलं की लाज जाते.

आणि 'सराटा'. पहिल्या परिच्छेदातला तोच. रस्त्याच्या कडेला जमिनीलगत पसरणारी वेल, तिची वाळलेली काटेरी फळं. कुठूनही पडलं तरी एक काटा वरच. सायकल कडेच्या मातीत उतरवली की ट्यूब गेली. वेड्या बाभळीचा काटा त्याच्या खालोखाल. म्हणून इथं "ट्यूब आहे का?" हा नमस्काराच्या जागी विचारायचा प्रश्न आहे.

जे शब्द तोंडात घालू नका

शिव्या इथं मैत्रीत चालतात, आईवरूनही. तुमच्याशी नाही चालत. पाच वर्षांनी चालतील कदाचित. 'स्टेपनी' हा शब्द गाडीच्या जादा चाकासाठीच ठेवा, बाईबद्दल तो वापरणारे लोक भेटतील, त्यांच्यात हसू नका. कुणाच्या कानडी-तेलुगू हेलाची नक्कल करू नका, आणि सोलापुरी मराठीला 'अशुद्ध' म्हणायचा मोह झाला तर आधी त्या माणसाला किती भाषा येतात ते विचारा.

पहिला रविवार

शनिवारी रात्री टोळीच्या ग्रुपवर असा निरोप येईल: "उद्या ५ सात रस्ता. मोहोळ रिटर्न. नो ड्रॉप. ट्यूब आणा बे. चहा मोहोळात."

याचा अर्थ असा. पहाटे पाच, कारण एप्रिल-मेत पारा चाळिशी ओलांडतो आणि नऊनंतर डांबर तापतं. मोहोळ पस्तीसेक किलोमीटर, म्हणजे एकूण सत्तर. 'नो ड्रॉप' म्हणजे कुणालाही मागं सोडून जायचं नाही, सगळ्यात हळू जो असेल त्याच्या वेगानं सगळे. नव्यानं जाताय तर हा शब्द असलेलाच निरोप निवडा. ट्यूब स्वतःची, स्वतःच्या मापाची. 'बे' सगळ्यांना उद्देशून आहे, तुम्हालाही. पाण्याच्या दोन बाटल्या, मागचा लाल दिवा आणि सुटे पैसे, हे निरोपात नसतं पण लागतं.

पाच म्हणजे पाच वीस. तरी तुम्ही पाचलाच जा. चहाचे पैसे शेवटी येणाऱ्यानं द्यायचे असतात.